नंबर जुना, माल नवा

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी गठ्ठ्यांच्या वजनाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. त्यात बारदानाचं वजन दोनदा वजा होत होतं. एका फाइलमधल्या दोन ओळी बदलून मी ती चूक काढली, बिल्ड केलं आणि पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरचा फोन आला. "सर, स्क्रीनवर 2.4.0च दिसतंय. नवीन बसलंच नाही की." पुन्हा बसवायला सांगितलं, पुन्हा तेच. शेवटी स्वतः गेलो, तेव्हा कळलं की वजन बरोबर येत होतं, नंबर तेवढा खोटा होता. शेजारच्या खोलीतल्या संगणकावर मात्र खरोखरच जुनं सॉफ्टवेअर चालू होतं आणि त्यावरही 2.4.0च होतं. वेगवेगळे दोन माल आणि लेबल एकच!

असं का होतं? बदललं तेवढंच पुन्हा कंपाइल करायचं, ही युक्ती स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिलेल्या 'मेक'पासून रूढ झाली. मेक फाइलींच्या वेळा ताडून पाहतं. तयार मालापेक्षा मूळ फाइल नवी असेल तरच तिला हात लावतं. माझा आवृत्ती क्रमांक गिटकडून आपोआप यायचा खरा. पण तो ज्या फाइलमध्ये उतरायचा, तिच्यात मी काही बदललं नव्हतं. म्हणून ती कंपाइल झाली नाही आणि जुना नंबर तिथेच राहिला.

हा प्रसंग सांगितला की ठरलेली उत्तरं मिळतात. ती एकेक करून तपासू.

पहिलं उत्तर: "नंबर बघतो कोण? काम चालल्याशी मतलब." काम चालतं तोवर हे ठीक. बिघडलं की पहिला प्रश्न हाच असतो: तुमच्याकडे कोणतं व्हर्जन आहे? त्याचं उत्तर चुकलं तर पुढचा सगळा शोध चुकीच्या कोडमध्ये होतो. नंबर नसेल तर माणूस निदान चौकशी करतो. खोटा असेल तर त्यावर विसंबतो. म्हणून खोटा नंबर नसलेल्या नंबरापेक्षा घातक.

दुसरं उत्तर: "गिऱ्हाईकाला देण्याआधी सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड करा." यात तथ्य आहे. असं केलं तर त्या दिवशीचा नंबर बरोबरच येईल. पण तक्रारी काही त्या एकाच बिल्डच्या येत नाहीत. चाचणीला दिलेली, घाईत पाठवलेली, रात्री उशिरा केलेली बिल्डंही लोकांच्या हातात असतात. जी गोष्ट यंत्रावर सोपवता येते ती थकलेल्या माणसाच्या शिस्तीवर का सोडावी?

तिसरं उत्तर: "बिल्डची तारीख-वेळ छापा." सी भाषेत त्याची सोय आहे, पण ती वेळ त्या एका फाइलच्या कंपाइलची असते, सगळ्या मालाची नव्हे. म्हणजे माझा रोग तसाच राहतो. शिवाय तोच कोड उद्या बिल्ड केला तर तारीख वेगळी पडते. एकाच कोडमधून बाइटन् बाइट तोच माल निघावा यासाठी डेबियनमधली मंडळी वर्षानुवर्षं झटत आहेत, आणि घड्याळ नेमकं त्याच्या आड येतं.

चौथं उत्तर: "प्रत्येक बिल्डला आकडा एकाने वाढवा." हा आकडा एका संगणकापुरता असतो. माझ्याकडचा 118 आणि सहकाऱ्याकडचा 118 यांत वेगळा कोड असू शकतो. लिनक्स कर्नलमध्येही असा आकडा आहे, पण कोडची ओळख तिथे त्यापासून वेगळी ठेवली आहे.

शेवटच्या दोन्ही उत्तरांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: नंबर म्हणजे बिल्ड केव्हा झालं याची नोंद. तसं नाही. नंबर म्हणजे आत कोणता कोड आहे याची साक्ष. आणि साक्ष कोडकडूनच घ्यायला हवी.

ती घ्यायची रीत साधी आहे. गिटला विचारलं की ते जवळचा टॅग, त्यानंतरच्या कमिटांची संख्या आणि कमिटची खूण सांगतं. कमिट न केलेले बदल असतील तर तसा शिक्काही मारता येतो, तो मारावाच. हा प्रश्न प्रत्येक बिल्डला न चुकता विचारायचा. आलेलं उत्तर आधीच्याशी ताडायचं आणि वेगळं असेल तरच फाइलमध्ये लिहायचं. उत्तर तेच असेल तर फाइलची वेळ हलत नाही आणि काहीही विनाकारण कंपाइल होत नाही. ही फाइल इवलीशी, एकटी ठेवायची. तिचा मजकूर सगळीकडे ओढून घेतला तर एका कमिटपायी सगळा प्रकल्प पुन्हा कंपाइल होईल. कर्नलच्या बिल्डमध्येही आधी ताडून मगच लिहिण्याची ही पद्धत आहे. जिथे गिटच नाही तिथे 'अज्ञात' लिहावं. अंदाजाने आकडा ठोकू नये.

आपल्या सोलापूरला हे नवं वाटू नये. पुठ्ठ्याच्या जॅकार्ड मागावर चादरीची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. नक्षीत थोडा बदल करायचा तर तेवढेच पुठ्ठे बदलतात, सगळी माळ कोणी नव्याने पाडत नाही. आमचं बिल्डही असंच चालतं. आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ते लेबलावरचं नाव आणि आतला माल एक असावा म्हणूनच. दुसरीकडे विणलेल्या चादरीवर 'सोलापुरी' लिहिलेलं दिसलं की आपण चिडतो. मग आपल्या सॉफ्टवेअरवरचं लेबल चुकलेलं कसं चालेल?

आज एवढं करून पाहा. एक ओळ बदला, बिल्ड करा, मग तो बदल कमिट करा. आता कुठल्याही फाइलला हात न लावता पुन्हा बिल्ड करा आणि नंबर वाचा. कमिटमुळे कोडची ओळख बदलली, पण एकाही मूळ फाइलची वेळ बदललेली नाही. नुसत्या वेळांवर चालणारी व्यवस्था इथेच फसते. नवा नंबर दिसला तर तुमचं लेबल खरं आहे. जुनाच दिसला तर पुढचा फोन यायच्या आत ते दुरुस्त करा.