दोष जलपर्णीचा की आपला?

उन्हाळ्याच्या तोंडाशी कल्याणजवळ मोहने किंवा रायते येथे उल्हास नदीच्या काठी उभे राहिले, तर पुष्कळदा पाणी दिसतच नाही. दिसते ते हिरवे मैदान आणि त्यावर डोलणारी जांभळी फुले. सोबतचे विद्यार्थी प्रथम हरखून जातात. मग त्यांना सांगावे लागते, की याच नदीचे पाणी शुद्ध करून कल्याण-डोंबिवलीत घरोघरी दिले जाते आणि ही हिरवळ म्हणजे नदीचा श्वास कोंडणारी जलपर्णी होय.

इतिहासाचे शिक्षक असल्याने तिचा पूर्वेतिहास सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केवळ फुलांच्या शोभेसाठी बंगालमध्ये आली. पाहता पाहता तिने तेथील नद्या, कालवे आणि भातशेती व्यापली. १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी बंगालला स्वतंत्र कायदा करावा लागला. कायदा झाला, जलपर्णी मात्र राहिली.

‘परकीय प्रजाती’ हा शब्द शिकविताना आम्ही एक सावधगिरी बाळगतो. मिरची, बटाटा, पेरू आणि काजूही अमेरिका खंडांतूनच आले. आज त्यांना कोणी परके म्हणत नाही. जन्मावरून माणसाची प्रतवारी करणे आपण नाकारले आहे. वनस्पतीची पारखही जन्मस्थानावरून नव्हे, तर वर्तनावरूनच व्हावी. जलपर्णीचे वर्तन घातक आहे. अनुकूल स्थितीत ती सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिच्या दाट थराखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे आणि स्थानिक पाणवनस्पती तग धरू शकत नाहीत. संथ झालेल्या पाण्यात डास वाढतात. मायभूमीत तिला खाणारे कीटक तिला आवर घालतात; येथे ते नव्हते. म्हणून १९८०च्या दशकाच्या आरंभी बंगळूर परिसरातील तलावांत तिच्यावर जगणारे भुंगेरे सोडण्यात आले आणि काही ठिकाणी त्यांचा चांगला उपयोगही झाला.

तथापि खरा प्रश्न पुढेच आहे. जलपर्णी पोसली जाते ती नत्र आणि स्फुरद यांवर, आणि हे अन्न तिला आपणच पुरवितो. कर्जत-बदलापूरपासून कल्याणपर्यंत काठच्या वस्त्यांचे सांडपाणी प्रक्रियेविना नदीत मिसळत राहिले, तर कितीही यंत्रे उतरविली तरी पुढच्या वर्षी ती पुन्हा तेवढीच फोफावणार. तिचे बी तळाच्या गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. कारण कायम ठेवून परिणामाशी झुंजणे म्हणजे सार्वजनिक पैशाचा अपव्यय होय.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. पहिला खर्च सांडपाणी अडविण्यावर आणि शुद्ध करण्यावर व्हावा. जलपर्णी फुलण्यापूर्वीच काढावी. काढलेला ढीग काठावर ठेवू नये, अन्यथा पहिल्या पुरात तो पुन्हा नदीत जातो. पिण्याच्या पाण्याच्या नदीत तणनाशक फवारण्याचा सोपा मार्ग टाळावा. आणि जो कामगार कमरेइतक्या घाण पाण्यात उतरून ती उपसतो, त्यास हातमोजे, गमबूट, वैद्यकीय तपासणी आणि पुरते वेतन मिळावे. नदीची स्वच्छता कोणाच्या तरी आरोग्याची आणि सन्मानाची किंमत देऊन होता कामा नये.

विद्यार्थ्यांकडून आमची अपेक्षा लहान आहे. एक वही करावी. कोणत्या महिन्यात, कोणत्या नाल्याच्या मुखाशी जलपर्णी प्रथम दिसली, ती केव्हा आणि कोणी काढली, हे दरवर्षी तारखेनिशी लिहावे. पाच वर्षांनी हीच वही घेऊन आपण पालिकेच्या दारी जाऊ. भावनेने केलेली तक्रार बाजूला सारता येते. तारखांसह मांडलेला पुरावा सहजासहजी बाजूला सारता येत नाही. इतिहासाने आम्हांस शिकविले ते हेच.