अंधाराची पोच घ्या



१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ समुद्रातून गुजरातकडे जाता जाता वसई-विरारला झोडपून गेले. खांब पडले, तारा तुटल्या. अनेक वस्त्यांत दुसऱ्या दिवशीही वीज नव्हती. पंप बंद, म्हणून टाक्या कोरड्या.

आपली डीपी तर वादळाशिवायच जळते. कपाशीची बोंडे भरताना द्यायचे एक संरक्षित पाणी चुकते. गिरणी बंद, म्हणून घरात ज्वारी असून भाकरी नाही.

२००३ च्या वीज कायद्याचे कलम ५७ सांगते : ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही, तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. चक्रीवादळात कंपनीला यातून सूट आहे. एरवी जळालेल्या डीपीला ही सबब कशी चालेल?

तुटलेल्या तारेला हात लावू नका. तोंडी तक्रारही करू नका. तारीख-वेळ घालून लिहून द्या, पोच घ्या. पोच नसेल तर आपला अंधार कागदावर झालाच नाही.