विमानतळाची परीक्षा

आपल्या गावात विमानाचा प्रवास ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कोणाचा मुलगा आखातात नोकरीस आहे, कोणाची लेक परप्रांती परिचारिका आहे, कोणाचा जावई जहाजावर आहे. ही मंडळी सुट्टीस घरी आली की ओटीवर बैठक जमते आणि बोलता बोलता गोष्ट विमानतळांवर येते. अमुक ठिकाणचा विमानतळ म्हणजे राजवाडाच, असे एक जण सांगतो. तर त्याच विमानतळाचे नाव ऐकून दुसरा कपाळाला हात लावतो. दोघेही खरे बोलणारे. दोघांनीही तेच छत, तीच फरशी आणि तीच दुकाने पाहिलेली. मग दोघांच्या मतांत जमीनअस्मानाचे अंतर का पडावे?

हा प्रश्न आमच्या मनात बरेच दिवस घोळत होता. अलीकडे एका लग्नाच्या निमित्ताने इंदूरला जाण्याचा योग आला आणि परतताना तेथील विमानतळावर तीन तास बसावे लागले, तेव्हा त्यावर सावकाश विचार करण्यास सवड मिळाली. त्याचे सार आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इंदूर हे होळकरांचे शहर. तेथे मराठी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या माणसास तेथे अगदीच परके वाटत नाही. शहराच्या पश्चिमेस सुमारे ८ किलोमीटरवर बिजासन देवीची टेकडी आहे. ज्या नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी जे. आर. डी. टाटा ह्यांच्यासमवेत १९३२ साली टपालाची विमानसेवा उभी केली, त्यांनीच होळकर संस्थानासाठी जागांची पाहणी केली व टेकडीजवळची ही जमीन विमाने उतरण्यास योग्य ठरली. १९३५ साली विमानतळ सुरू झाला. १९४८ च्या जुलैत ग्वाल्हेर, दिल्ली व मुंबई ह्या शहरांशी प्रवासी विमानांचा संबंध जुळला. १९५० साली तो केंद्र सरकारच्या ताब्यात गेला. आजची मोठी इमारत २०१२ च्या फेब्रुवारीत खुली झाली, आणि १५ जुलै २०१९ रोजी इंदूरहून दुबईस थेट विमान निघाले, तेव्हा परदेशी जाण्याचे दारही उघडले.

ह्या विमानतळास प्रवाशांनी काय गुण दिले? त्याचे उत्तर मोठे बोलके आहे. जगातील विमानतळांची एक परिषद आहे. तिचे नाव एअरपोर्ट्स कौन्सिल इंटरनॅशनल. २००६ सालापासून ती प्रवाशांची मते पद्धतशीर गोळा करते. प्रवासी विमानात चढण्यापूर्वी गेटापाशी बसलेला असतो, तेव्हा त्याच्या हाती प्रश्नावली दिली जाते. तपासणीला किती वेळ लागला, पाट्या वाचून वाट सापडली का, कर्मचारी सौजन्याने बोलले का, शौचालय स्वच्छ होते का, खाण्याच्या पदार्थांचे मोल वाजवी होते का, अशा तीसहून अधिक गोष्टींस तो १ ते ५ गुण देतो. ह्या परीक्षेत २०१७ सालासाठी आशिया-पॅसिफिक विभागातील, वर्षाला २० लाखांहून कमी प्रवासी असलेल्या विमानतळांत इंदूरचा विमानतळ उत्तम ठरला. ज्या शहराने २०१७ पासून सलग सात वर्षे देशात स्वच्छतेचा पहिला मान मिळविला, त्याच्या वेशीवरचे हे दार नीटनेटके असावे, ह्यात आश्चर्य नाही.

परंतु नाण्यास दुसरी बाजूही असते. पुढे गर्दी वाढली. २०१८-१९ ह्या एका वर्षात तेथून ये-जा करणाऱ्यांचा आकडा ३० लाखांच्या वर गेला. आणि २०२५ च्या सप्टेंबरात तेथील प्रतीक्षा-कक्षात विमानाची वाट पाहत बसलेल्या एका प्रवाशास उंदीर चावला! ती बातमी देशभर पसरली. आता त्या गृहस्थास जर कोणी विचारले की सर्वांत वाईट विमानतळ कोणता, तर तो पदकाकडे पाहून उत्तर देईल काय? त्याने दुसरे नाव का घ्यावे? आणि त्याच दिवशी त्याच कक्षातून सुखाने गेलेल्या शेकडो माणसांनी तरी वाईट का म्हणावे? सारांश, दोन्ही मते खरी. सरासरी गुण हे पुष्कळांच्या सुखाचे माप असते. एकट्यादुकट्याच्या दुःखाची त्यात नोंद राहत नाही.

जगातल्या मोठ्या विमानतळांचीही हीच कथा. स्कायट्रॅक्स नावाची लंडनची एक संस्था १९९९ पासून प्रवाशांच्या मतांवरून मान देते. २०२४ साली तिच्या यादीत दोहाचा हमाद विमानतळ पहिला आला. २०२५ साली सिंगापूरच्या चांगी विमानतळाने तो मान तेराव्या वेळी मिळविला. आपल्या भागातील जी मुले त्या वाटेने जातात, ती तेथील बागांचे व धबधब्याचे वर्णन करताना थकत नाहीत. उलट, फिलिपिन्समधील मनिला शहराचे जुने पहिले टर्मिनल २०११ साली एका प्रवासी मार्गदर्शिकेच्या वाचकांनी जगातील सर्वांत वाईट ठरविले, आणि पुढची दोन वर्षेही तो कलंक तसाच राहिला. तो देश लक्षावधी कष्टकऱ्यांना परदेशी पाठविणारा. घरच्यांचा निरोप घेऊन डोळे पुशीत निघालेल्या माणसास गळके छत व तुंबलेली शौचालये पाहावी लागत. परंतु लोकांनी बोलून दाखविले म्हणूनच इमारतीच्या दुरुस्तीस वेग आला, आणि २०१४ च्या यादीत त्या अपमानाच्या जागी मनिलाचे नाव राहिले नाही. प्रवाशाच्या तोंडच्या शब्दाला किंमत आहे, ती अशी.

येथे आमच्या परिचयातील एका वृद्ध मावशींची हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांची लेक इंदूरला नोकरीस आहे. मावशींचे गुडघे थकलेले, म्हणून तिकिटाबरोबर चाकांच्या खुर्चीची मागणी केली होती. पहिल्या प्रवासात एका मोठ्या विमानतळावर (त्याचे नाव येथे घेत नाही) त्यांना खुर्चीत बसवून एका खांबापाशी आणले आणि ढकलणारा मुलगा "आत्ता येतो" असे सांगून गेला. तो दीड तास फिरकला नाही. मध्यंतरी विमानाचे गेट बदलले. तसे फलकावर झळकले, पण मावशींस इंग्रजी वाचता येत नाही. समोर संगमरवरी फरशी, झगमगते दिवे, अत्तरांची दुकाने! मावशी मात्र हातातली पिशवी घट्ट धरून, शौचास जाण्याचेही धाडस न करता, बसून राहिल्या. अखेर शेजारच्या एका कॉलेजातील मुलीने त्यांचा बोर्डिंग पास पाहिला आणि खुर्ची ढकलीत त्यांना पळत पळत योग्य दारी पोहोचविले.

परतीच्या वेळी इंदूरला विमान उशिरा होते. तेथे झाडलोट करणाऱ्या एका बाईने मावशींस एकटे पाहून चौकशी केली, पाणी भरून आणून दिले, शौचालयापर्यंत हात धरून नेले, आणि जाताना गेटावरच्या कर्मचाऱ्यास "ह्या आजींकडे लक्ष असू द्या" असे सांगून गेली.

आम्ही मावशींस विचारले, "मावशी, तुम्हांस कोणता विमानतळ आवडला?"

त्या म्हणाल्या, "विमानतळाचं मला काय कळतं, बाबा? पण त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं बघा. त्याची चुटपुट लागलीय."

आमच्या मते विमानतळाची खरी परीक्षा ह्या उत्तरात आहे. सर्व काही वेळेवर चालले असता कोणताही विमानतळ बराच वाटतो. परीक्षा होते ती काही बिघडल्यावर, आणि तीही सर्वांत दुबळ्या प्रवाशाच्या बाबतीत. २०२५ च्या डिसेंबरच्या आरंभी देशभर हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा चकचकीत इमारतींच्या फरशीवर लेकरांना घेऊन माणसे झोपली. त्या रात्री त्यांनी मागितले काय? बाग नव्हे, धबधबा नव्हे. खरी बातमी, घोटभर पाणी, पाठ टेकण्यापुरती जागा, आणि विचारले असता तोंड न फिरविणारा माणूस. एवढेच.

आणि येथे एक योगायोग ध्यानात येतो. इंदूरच्या विमानतळास देवी अहिल्याबाई होळकर ह्यांचे नाव आहे. ३१ मे १७२५ रोजी नगर जिल्ह्यातील (आता त्या जिल्ह्यासही त्यांचेच नाव आहे) चौंडी ह्या लहानशा गावी त्या जन्मल्या आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत नर्मदाकाठच्या महेश्वरहून त्यांनी राज्य केले. काशीपासून गयेपर्यंत, स्वतःच्या राज्याच्या सीमेबाहेरही, त्यांनी घाट बांधले, धर्मशाळा उभारल्या, विहिरी खणविल्या. त्या कोणासाठी? दमून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या वाटसरूसाठी. तो कोणाच्या राज्यातला, हे त्यांनी विचारले नाही. वाटसरूच्या तहानेची ज्यांनी चिंता वाहिली, त्यांचे नाव प्रवाशांच्या दारावर असणे उचितच आहे. पण ते नाव त्या दाराच्या आत काम करणाऱ्या प्रत्येकावर एक भारही ठेवते. ज्या बाईने मावशींस पाणी दिले, तिने तो भार उचलला, असे आम्ही समजतो.

तथापि न्याय दोन्ही बाजूंनी व्हावा. आपण मंडळी घाईने "विमानतळच वाईट" असा शिक्का मारतो. पण एका छताखाली अनेकांचे हात राबत असतात. इंदूरचेच पाहा: इमारत, स्वच्छता, पाणी व पाट्या हे भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे काम, अंगझडती व सामानाची तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची, तिकीट, बोर्डिंग पास, चाकांची खुर्ची, विमानाचा उशीर व हरवलेली पेटी ही विमान कंपनीची जबाबदारी, आणि धुके पडले तर ते कोणाच्याच हाती नाही. खुर्चीवाल्या मुलाच्या चुकीसाठी झाडलोट करणाऱ्या बाईवर ओरडणे, हा अन्याय होय. दोष देण्यापूर्वी तो कोणाचा हे ओळखावे. मग सांगितलेल्या शब्दाला वजन येते.

आता प्रथमच विमानाने निघणाऱ्या वाचकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. वृद्ध किंवा आजारी माणसासाठी खुर्ची हवी असल्यास विमान कंपनीस निदान ४८ तास आधी कळवावे, आणि गेट बदलल्यास कोणी सांगावे हे तेथेच विचारून घ्यावे. अशा माणसाच्या खिशात विमानाचा क्रमांक व घरच्यांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, मराठी व इंग्रजी दोन्ही लिपींत, अवश्य असावी. देशातल्या देशात अडीच तासांपर्यंतचे उड्डाण असेल आणि ते दोन तासांहून अधिक लांबले, तर वेळेवर आलेल्या प्रवाशास कंपनीने खाणेपिणे द्यावे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. सहा तासांहून अधिक लांबले तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पैसे परत मागता येतात. ही भीक नव्हे, हक्क आहे. तो शांतपणे, पण निश्चयाने मागावा. तेथील चहाचे मोल ऐकून छाती दडपते, ही तक्रार तर सार्वत्रिक आहे. ती ऐकूनच २०२४ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या विमानतळावर १० रुपयांत चहा देणारे सरकारी उपाहारगृह निघाले. सांगितल्याने काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तक्रारीसाठी सरकारची 'एअरसेवा' ही सोय आहे. घरातील शिकलेल्या मुलांनी वडीलधाऱ्यांच्या वतीने तेथे लिहावे.

परंतु लिहिताना केवळ तक्रारच लिहू नये, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. वाईट वागणुकीची गोष्ट आपण दहा घरी सांगतो. चांगल्या वागणुकीची घरच्या घरीच विसरतो. मग ज्याने चांगले केले त्याच्या कामाची नोंद कोठे व्हावी? छातीवरच्या बिल्ल्यावर नाव असते. ते वाचावे, ध्यानात ठेवावे, आणि त्याच्या वरिष्ठांस दोन ओळी लिहून पाठवाव्या. त्या दोन ओळींस पैसा पडत नाही; पण कोणाच्या तरी नोकरीत त्या उपयोगी पडतात.

मावशी पुढच्या महिन्यात पुन्हा लेकीकडे जाणार आहेत. ह्या खेपेस त्यांनी पिशवीत नारळाच्या वड्यांचा एक डबा वेगळा बांधून ठेवला आहे, आणि त्या बाईचे नाव विचारायचेच, असे नातवास बजावून ठेवले आहे. ती भेटावी, अशी आमचीही इच्छा आहे. असो.