पोटातला जंतू आणि मिरचीवरचा आळ

नेरसारख्या तालुक्याच्या गावी पोटदुखीचे निदान आधीच ठरलेले असते: पित्त झाले, ठेचा जास्त झाला. शेतमजुराने जळजळीची तक्रार केली की त्याला पहिला उपदेश मिळतो तो मिरची सोडण्याचा. भाजी परवडत नाही म्हणून तो भाकरीबरोबर ठेचा खातो, हे कोणी विचारात घेत नाही. दोष रोग्याच्या ताटावर ढकलला की बाकी सर्वांची सुटका होते.

वैद्यकशास्त्राचेही बराच काळ असेच चालले होते. जठरव्रण हा आम्लाचा आणि चिंतेचा विकार, हे मत इतके दृढ होते की १९८२ साली पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी जठरात वाढणारा मळसूत्री जंतू दाखविला तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवणारे थोडेच निघाले. अखेर १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आम्ल कमी करणाऱ्या गोळीचे गिऱ्हाईक कायमचे असते. जंतूवरचे औषध दोन आठवड्यांत संपते. त्या दशकात या गोळ्या जगातील सर्वाधिक खपाच्या औषधांत मोडत होत्या.

१९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची गणना निश्चित कर्करोगकारकांत केली. २००५ साली वॉरन-मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जठराच्या मधल्या व खालच्या भागातील कर्करोगाशी या जंतूचे नाते घट्ट आहे. त्यात एक प्रकार सावकाशीचा: वर्षानुवर्षांच्या दाहाने अस्तर झिजते, आतड्याच्या अस्तरासारखे होते आणि पुढे बिघडते. विखुरलेल्या पेशींच्या दुसऱ्या प्रकारातही जंतूचा हात असतो. मात्र काही घराण्यांत तो आनुवंशिक दोषाने येतो. जठरातील एका प्रकारची लसिका-गाठ तर पुष्कळदा केवळ जंतू मारल्याने विरघळते.

लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना कर्करोग कधीच होत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. भारतात लागण सर्रास असूनही जपानच्या मानाने हा कर्करोग कमी आढळतो. मिझोराममध्ये मात्र तो पुष्कळ आहे. अतिमीठ आणि तंबाखू धोका वाढवितात, तेव्हा आपल्याकडील खर्ऱ्यालाही निर्दोष ठरविता येणार नाही.

परंतु ही लागण बहुधा बालपणी होते, दाटीच्या घरात, अस्वच्छ पाण्याच्या व शौचालयाच्या अभावाच्या जागी. जंतूचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून पाश्चात्त्य देशांत हा कर्करोग घटत गेला, तो राहणीमान सुधारल्यामुळे आणि खारविलेल्या अन्नाची जागा शीतकपाटातील ताज्या अन्नाने घेतल्यामुळे. आपल्याकडे कर्करोग झाल्यावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया होते, हे चांगलेच. परंतु नागपूरच्या फेऱ्यांत बुडालेली मजुरी कोणत्या हिशेबात धरावयाची?

जपानने २०१३ साली जंतुजन्य जठरदाहावरील उपचार आरोग्यविम्यात घेतला. सरसकट सर्वांना प्रतिजैविके वाटा, असे मी म्हणणार नाही. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांमुळे हा जंतू आधीच काही औषधांना दाद देईनासा झाला आहे. मागणी मर्यादित आहे. ज्यांना जठरव्रण आहे आणि ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना जठराचा कर्करोग झाला आहे, त्यांची शौच-तपासणी ग्रामीण रुग्णालयात मोफत व्हावी. जंतू आढळल्यास औषधांचा पूर्ण क्रम तेथूनच मिळावा आणि तो गेला की नाही हे पुन्हा तपासावे. कार्यकर्त्यांनी पाणीपुरवठ्याचे निवेदन देताना त्यात हीही मागणी घालावी.