लिंक आली, फॉर्म भरला. पण मोजलं कुणाला?

"एवढं भरून द्या ना, दोनच मिनिटं लागतील." असा निरोप आणि त्याखाली एक निळी लिंक. आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर हे आता नेहमीचं झालं आहे. इंदूर हे शिकणाऱ्या मुलांचं शहर. देवी अहिल्या विश्वविद्यालय आहे, आयआयएम आहे, आयआयटी आहे, शिवाय खासगी महाविद्यालयं. एमबीएचा प्रकल्प असो की पीएचडीचा प्रबंध, गूगल फॉर्म ठरलेलाच. २०२० च्या टाळेबंदीत कुणाच्या दारात जाणं शक्य नव्हतं, तेव्हा ही सोय गरज म्हणून आली. दारं उघडली तरी ती सवय म्हणून राहिली. आपण भाचीच्या मैत्रिणीसाठी म्हणून फॉर्म भरतो, आणखी दोन ग्रुपवर पाठवतो आणि विसरतो.

साबणाच्या आवडीनिवडीचा फॉर्म असेल तर फारसं बिघडत नाही. पण समजा, उद्या एखाद्या मुलीनं प्रबंधासाठी विषय घेतला, "इंदूरच्या मराठी कुटुंबांतील मराठीचा वापर". विषय आपल्या जिव्हाळ्याचा, त्यामुळे लिंक तासाभरात समाजाच्या ग्रुपवर, तिथून भजनी मंडळात, नाटकवाल्यांच्या ग्रुपवर. आठवड्यात चारशे उत्तरं जमली. निष्कर्ष निघाला की बहुसंख्य घरांत आजही मराठीच बोलतात. वाचून आपल्याला बरं वाटेल, कुणी ते भाषणातही सांगेल.

आता ही चारशे माणसं कोण? जी कार्यक्रमांना येतात, गणपतीची वर्गणी देतात, मराठी निरोप मराठीत वाचतात, तीच. ज्यांचं मराठीपण आडनावापुरतं उरलं आहे आणि जे दहा वर्षांत आपल्याकडे फिरकलेले नाहीत, त्यांच्यापर्यंत ती लिंक पोचलीच नाही. आणि गंमत अशी की रामबागेतल्या जुन्या घरातली आजी, जिची मराठी घरात सगळ्यांत अस्सल, तीही यात नाही, कारण ती फोन फक्त उचलते आणि ठेवते. तिच्या वतीनं नातवानं भरला असेल, तर ते उत्तर नातवाचं. म्हणजे दोन्ही टोकं गळाली आणि मधला उत्साही भाग तेवढा मोजला गेला.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "मग आणखी फॉर्म भरून घेऊ, चार हजार होऊ देत." इथेच खरी चूक आहे. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. जवळजवळ २४ लाख परत आल्या. त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले होते, आणि उत्तर पाठवण्याची तसदी कुणी घेतली हा प्रश्न वेगळाच. पंचाऐंशी वर्षांनी, २०२१ मध्ये, तिथेच फेसबुकवरून चालणाऱ्या एका मोठ्या पाहणीत आठवड्याला अडीच लाखांच्या आसपास लोक उत्तरं देत होते. तरी लस घेतलेल्यांचं प्रमाण त्यात मे महिन्यात सुमारे १७ टक्के-अंकांनी जास्त दिसलं. हजारेक माणसांची, पण नीट निवडलेली दुसरी पाहणी सत्याच्या बरीच जवळ होती.

आपल्याकडे हा मुद्दा शेतात सिद्ध झाला आहे. सातारा जिल्ह्यातले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या पाहण्या तपासल्या. उत्पन्नाचा अंदाज घ्यायला शेतात लहानसा तुकडा आखून तेवढंच पीक कापत. तुकडा फार लहान असला की उत्पन्न फुगून येतं, असं त्यांनी दाखवलं. कारण साधं होतं. रेघेवर उभं असलेलं ताट आत धरायचं की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. असे हजार तुकडे कापले तरी फुगवटा तेवढाच राहतो. आपल्या ग्रुपमध्ये फिरणारी लिंक अशीच रेघेवरची ताटं आत ओढत असते.

प्रश्न कसा विचारला, यावरही सगळं फिरतं. "आपली भाषा टिकावी असं आपल्याला वाटतं का?" याला नाही कोण म्हणणार! "काल रात्री जेवताना मुलांशी कोणत्या भाषेत बोललात?" हे विचारा, मग पाहा. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १२ लाख होते. जनगणनेची मातृभाषेची व्याख्या मात्र अशी की लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. वडील मराठी आणि आई हिंदीभाषक अशी घरं आता आपल्यात कमी नाहीत. तिथल्या मुलांची नोंद काय व्हावी, यावर घरातच वाद होतील. २०२७ च्या जनगणनेत प्रथमच आपली माहिती आपणच ऑनलाइन भरण्याची सोय आहे, तेव्हा हा वाद जेवणाच्या टेबलावरच होईल. पण जनगणनेत भरलं नाही तर प्रगणक दारात येतो. विद्यार्थ्याच्या फॉर्ममागे कुणी येत नाही, हा दोन्हीतला मोठा फरक.

माझं म्हणणं फॉर्म फेकून द्या असं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, तेव्हा अभ्यासक गावोगावी गेले, माणसांना बोलतं केलं, ध्वनिमुद्रण केलं. इंटरनेट नंतर आलं, ते सगळ्यांना ऐकवण्यासाठी. विद्यार्थ्याला एवढं जमणार नाही, हे मान्य. पण मग "इंदूरची मराठी कुटुंबं" असं शीर्षक देऊ नये. "समाजाच्या ग्रुपवरील सदस्य" असं लिहावं, ते खरं तरी असेल. आणि फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, उत्पन्न मागितलं असेल, पण ते कुणाकडे राहणार हे लिहिलेलं नसेल, तर त्या चौकटी खुशाल कोऱ्या सोडाव्यात. भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नसेल तर फॉर्मच सोडावा.

संस्थेकडे सदस्यांची यादी आहे, त्यात जुने, वर्गणी थकलेलेही आहेत. एखादा विद्यार्थी कार्यकारिणीकडे आला तर यादी त्याच्या हाती न देता आपणच तिच्यातून दर दहावं नाव काढावं, आधी फोन करून विचारावं आणि जे हो म्हणतील त्यांच्या घरी त्याला पाठवावं. दार बंद असेल तर त्यानं पुन्हा जावं. किती जणांनी नाही म्हटलं, तेही प्रबंधात छापावं. पन्नास-साठच घरं होतील. पण रामबागेतली आजी त्यात असेल, आणि दहा वर्षं न आलेलं एखादं आडनावही.