परीक्षकाने शिकवणी घ्यावी का?

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा तेथे वर्ग भरत नसत. महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरची व्यवस्था होती. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन-विभाग उभे राहण्यास पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

व्यावसायिक परीक्षा घेणाऱ्या संस्थाही आता त्याच वाटेने निघाल्या आहेत. १९२८ साली स्थापन झालेली बँक-कर्मचाऱ्यांची संस्था, म्हणजे आजची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स’, प्रामुख्याने परीक्षांसाठी ओळखली जाते. पण ती पुस्तके काढते आणि प्रशिक्षणवर्गही चालवते. सनदी लेखापालांच्या १९४९ सालच्या संस्थेविषयीही हेच म्हणता येईल.

यात मुळातच काही गैर आहे, असे मला वाटत नाही. खेड्यात बँकेच्या वतीने पैशांची देवघेव करणाऱ्या ‘बँक मित्रा’चेच उदाहरण घ्या. त्याच्यासाठी वरील बँकिंग संस्था परीक्षा घेते. आडगावात या विषयाची शिकवणी त्याला कोठून मिळणार? परीक्षा घेणाऱ्यानेच त्याच्या भाषेत सुबोध पुस्तक हाती दिले, तर तो मोठाच आधार होय. परीक्षेत काय विचारतात हे गुपित राहिले, की त्या गुपिताचा बाजार मांडला जातो. आणि तो बाजार भरतो शहरातील महागड्या शिकवण्यांत.

मात्र पुस्तक देणे वेगळे आणि वर्ग विकणे वेगळे. वर्गांच्या शुल्कावर संस्थेचा प्रपंच चालू लागला, की परीक्षकाचे मन कळत-नकळत झुकू लागते. आपल्याच वर्गातील मुले नापास झाली, तर वर्गाची अब्रू जाते. सगळीच उत्तीर्ण झाली, तर प्रमाणपत्राची. याहून मोठा अन्याय होतो तो वर्गाची हजेरी सक्तीची केल्यावर. दहा वर्षे काम करून ज्याने विद्या मिळवली, त्याच्याकडे परीक्षेच्या दारातच वर्गाची पावती मागितली जाते. रोजची मजुरी बुडवून त्याने कोणत्या वर्गाला जावे?

व्यवसायशिक्षणाच्या नियमनासाठी २०१८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय परिषदेने प्रमाणपत्र देणारी संस्था आणि मूल्यमापन करणारी संस्था यांना वेगवेगळी मान्यता देण्याची पद्धत स्वीकारली. ही दिशा मला योग्य वाटते.

आता कोणी म्हणेल, तुमचे मुक्त विद्यालयही पुस्तके देते आणि परीक्षाही घेते! आक्षेप रास्त आहे. म्हणूनच माझी मागणी सर्वच संस्थांकडे आहे, आपल्याकडेही. वर्गाला न गेलेल्या परीक्षार्थीला परीक्षाशुल्क तेच असावे, प्रश्नपत्रिका तीच असावी आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला तो कोठे शिकला, हे कळू नये.