बोटावरचा थेंब ते स्क्रीनवरचा आकडा: ग्लुकोमीटर साखर मोजतो कसा आणि दमट कोकणात तो कधी चुकतो?

सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्यात २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. देशातलं हे सर्वाधिक प्रमाण. 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे हे निष्कर्ष जून २०२३ मध्ये 'लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा अंदाजही त्यात होता.

सरकारच्या असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर तपासणं अपेक्षित आहे. गावपातळीवर ही पहिली तपासणी ग्लुकोमीटरनेच होते. म्हणजे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या गावांत कोणाला पुढे डॉक्टरांकडे पाठवायचं, हे अनेकदा एका छोट्या पट्टीवर ठरतं. त्या पट्टीत नेमकं काय घडतं?

मशीन मोजतं वीज, साखर नाही

ग्लुकोमीटर साखर थेट मोजत नाही. तो मोजतो विजेचा अगदी सूक्ष्म प्रवाह. हा प्रवाह तयार होतो पट्टीवर सुकवून ठेवलेल्या एन्झाइममुळे. अनेक पट्ट्यांमध्ये ते 'ग्लुकोज ऑक्सिडेज' असतं आणि 'अ‍ॅस्परजिलस नायगर' या काळ्या बुरशीपासून मिळवलं जातं.

रक्तात शेकडो पदार्थ असतात, पण हे एन्झाइम त्यातून ग्लुकोज नेमकं हेरतं आणि त्याच्या प्रत्येक रेणूकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं. हे इलेक्ट्रॉन पट्टीतल्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचले की प्रवाह वाहतो. साखर जास्त, तर इलेक्ट्रॉन जास्त आणि आकडाही मोठा.

अडचण कुठे येते?

इलेक्ट्रॉन स्वीकारणारा एन्झाइमचा भाग प्रथिनाच्या आत खोलवर दडलेला असतो. इलेक्ट्रॉनला तिथून थेट इलेक्ट्रोडवर उडी मारता येत नाही, कारण अंतर जरासं वाढलं तरी उडीची शक्यता झपाट्याने घटते.

मालवणकरांना हे समजायला सोपं आहे. सिंधुदुर्ग किल्ला जेट्टीवरून समोर दिसतो, पण होडीशिवाय ये-जा होत नाही. इलेक्ट्रॉनलाही अशीच होडी लागते.

अमेरिकेत लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना मांडली, तेव्हा ही होडी होती ऑक्सिजन. पण रक्तातला ऑक्सिजन कमी-जास्त झाला की मोजमापही हलायचं. १९८४ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी ऑक्सिजनऐवजी 'फेरोसिन' हे लोहयुक्त संयुग वापरून दाखवलं आणि १९८७ मध्ये पेनाएवढा ग्लुकोमीटर बाजारात आला. अशा वाहक रसायनांना 'मीडिएटर' म्हणतात. दंडावर चिकटवायच्या काही सेन्सरमध्ये तर होडीऐवजी जणू पूलच असतो: एन्झाइम विशिष्ट पॉलिमरने इलेक्ट्रोडला जोडलेलं असतं आणि इलेक्ट्रॉन त्यावरून सरकत जातात.

मग आकडा का चुकतो?

एन्झाइम आणि मीडिएटर दोन्ही नाजूक आहेत. हवेतला ओलावा लागला की एन्झाइम मंदावतं. फेरीसायनाइडसारखा मीडिएटर रक्त लागण्याआधीच बदलू लागतो, म्हणजे प्रवासी नसतानाच होड्या भरतात. त्यामुळे आकडा कमी किंवा जास्त, कसाही येऊ शकतो. किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात डबी उघडी राहणं म्हणूनच महागात पडतं. डबीत ओलावा शोषणारा पदार्थ असतो तो याचसाठी.

आणखी तीन कारणं लक्षात घ्या.

फळाची साखर: आंबा कापून, हात न धुता बोट टोचलं तर बोटावरचं ग्लुकोजही मोजलं जातं. फळं सोलल्यानंतर केलेल्या एका जपानी अभ्यासात (२०११) केवळ अल्कोहोलच्या बोळ्याने बोट पुसणं पुरेसं ठरलं नाही, पाण्याने हात धुतल्यावर मात्र आकडा योग्य आला.

रक्तक्षय: लाल पेशी कमी असतील तर अनेक मशीन साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे.

दुसऱ्या साखरेची गल्लत: काही पट्ट्यांमधलं 'जीडीएच-पीक्यूक्यू' एन्झाइम माल्टोजलाही ग्लुकोज समजतं. पोटातून डायलिसिस घेणाऱ्या काही रुग्णांच्या द्रावणामुळे शरीरात माल्टोज तयार होतं. खोट्या वाढीव आकड्यावर इन्सुलिन दिलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये याबद्दल इशारा दिला होता.

किती फरक चालतो?

आयएसओच्या २०१३ च्या निकषानुसार १०० किंवा त्याहून जास्त साखर असताना १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे आणि ९५ टक्के नोंदी या मर्यादेत हव्यात. म्हणजे खरी साखर २०० असेल तर चांगलं मशीनही १७० ते २३० मधलं काहीही दाखवू शकतं. त्यामुळे मधुमेहाचं निदान प्रयोगशाळेतल्या चाचणीनेच पक्कं करायचं असतं.

घरी इतकं सांभाळा: हात धुऊन पूर्ण कोरडे करा, पट्टी काढताच झाकण घट्ट लावा, डबी फ्रिजमध्ये, स्वयंपाकघरात किंवा उन्हात ठेवू नका, मुदत तपासा. आकडा आणि तब्येत जुळत नसेल तर नव्या पट्टीने पुन्हा मोजा. तरीही शंका राहिली तर औषधाचा डोस स्वतःहून न बदलता डॉक्टरांना विचारा.

आरोग्य यंत्रणेसाठीही मुद्दा हाच आहे. उपकेंद्राला मशीन देऊन काम संपत नाही. पट्ट्या कुठे ठेवल्या जातात आणि कंट्रोल सोल्युशनने मशीनची पडताळणी होते का, हेही पाहावं लागेल. नाहीतर पावसाळ्यात ओलावलेल्या एका डबीमुळे एखाद्याचा मधुमेह नजरेतून सुटेल आणि दुसऱ्याच्या मागे तो विनाकारण लागेल.